शेपटाखालचं खोड

चहा गार झाल्याशिवाय उसेंग प्यायचा नाही. टपरीत भिंतीला पाठ लावून बसायचा, रस्ता दिसेल असा. वहाणा दाराबाहेर काढताना त्यांची तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचा. कोयता शुक्रवारी सकाळी पाजवायचा, आंघोळीच्या आधी. जंगलात शिंक आली तर नाक दाबून खाली बसायचा. कुणाच्या हातात गलोल दिसली की मागून घ्यायचा, रबर कापायचा आणि लाकूड परत द्यायचा. भातावर मुरवलेल्या मासळीचं बूडू नसेल तर रागवायचा नाही, नुसता ताटावरून उठायचा. फोटो हातात आला, मग तो लग्नाचा असो की मयताचा, आधी त्याच्या कडा बघायचा. माणसं नंतर.

डाव्या हाताची करंगळी अर्धी होती. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बायकोनं चावली."

त्याची बायको, काक रोहानी, आतून म्हणायची, "मी चावले असते तर गळा धरला असता."

करंगळी धनेशाच्या मादीनं तोडली होती.

बँकॉकपासून फार दक्षिणेला, आमच्या बूडो डोंगरात टोपाचे धनेश आहेत. चोचीवर भरीव शिंगाचं टोपण असतं. ते हस्तिदंतासारखं कोरता येतं, म्हणून माणसं हा पक्षी मारतात. मादी उंच झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून मातीनं दार लिंपून घेते. बोटभर फट ठेवते. पंखांची पिसं झाडून टाकते. पाच महिने नर त्या फटीतून तिला आणि पिल्लाला भरवतो. नर मेला की आतली दोघं मरतात. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मारणाऱ्यालाही.

विशीत उसेंग पिल्लं चोरायचा. तो झाडावर चढायचा, लाते खाली बंदूक घेऊन उभा राहायचा. दोघं एकाच गावचे, एकाच दिवशी सुंता झालेले. एकदा उसेंगनं फटीत बोटं घातली आणि मादीनं करंगळी धरली. सोडेना. त्यानं दुसऱ्या हातानं माती फोडली, तिला मानेला धरून बाहेर ओढलं आणि खोडावर आपटलं. पाच वेळा. पिल्लू पोत्यात घातलं, ते वाटेत मेलं. बोटाचा तुकडा तिच्या चोचीतच राहिला. लातेनं डोकं विकलं, बोटासकटच विकलं असेल.

हे त्यानं मला एकदाच सांगितलं. 'तेव्हा कळत नव्हतं' असं मध्ये कुठेही म्हणाला नाही.

त्यानंतर त्यानं ते काम सोडलं. संशोधक आले तेव्हा तो घरट्यांचा राखणदार झाला. चौदा वर्षं राखण केली. लातेनं सोडलं नाही. एकदा लातेच्या पिशवीत टोपण सापडलं म्हणून उसेंगनं टपरीसमोर त्याचे दोन दात पाडले. लाते रक्त थुंकला आणि हसला. "दोन दातांना एक शिंग. महाग नाही पडलं, बाए." आमच्याकडे थोरल्या भावाला बाए म्हणतात, थोरल्या बहिणीला काक. लाते त्याला शेवटपर्यंत बाएच म्हणत होता.

मी पत्तानीची. तिथल्या विद्यापीठात मलय साहित्य शिकले आणि नोकरी मिळेना. राखणदार दरवर्षी एक कॅलेंडर काढायचे. प्रत्येक महिन्याखाली चार ओळी लिहायला कुणीतरी हवं होतं. आठ दिवसांसाठी आले, काक रोहानीच्या मागच्या खोलीत उतरले. त्याला चार वर्षं झाली.

ते कॅलेंडर डोंगराभोवतालच्या सगळ्या टपऱ्यांत लागायचं. खाली नमाजाच्या वेळा असत, त्यामुळे कुणी टाकून देत नसे. वर धनेश. फोटो उसेंग काढायचा, संशोधकांनी मागे ठेवलेल्या जुन्या कॅमेऱ्यानं. फोटोतलं किती पानावर घ्यायचं, तेही तोच ठरवायचा. चहाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन कापून ठेवले होते. मोठ्या छापील फोटोवर ते एकमेकांसमोर ठेवायचा आणि सरकवायचा. चौकट लहान व्हायची, उभी व्हायची, आडवी व्हायची. मग पुठ्ठे न हलवता चहा प्यायचा. परत बघायचा.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही मार्चचा फोटो निवडत होतो. नर ढोलीपाशी बसलेला. मान लालभडक, चोचीच्या टोकाला एक उंबर, खाली लोंबणारी शेपटाची दोन लांब पिसं. त्यानं खालचा पुठ्ठा वर सरकवला. चौकट चौरस झाली.

"बाए, शेपूट," मी म्हणाले.

"काय शेपूट?"

"अर्धं कापलंस."

"त्याला दुखत नाही."

"शेपूट नसलं तर हा कोंबडा दिसतो."

"दिसू दे. कोंबड्याला कुणी गोळी घालत नाही."

काक रोहानी नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "मागच्या ईदला माझ्या कोंबड्याला कुणी घातली?"

"चुकून."

"चुकूनच तर."

मी पुठ्ठा खाली ओढला. रुंदीला दोन, उंचीला तीन. शेपूट आलं. शेपटाखाली खोड आलं आणि खोडावरची मोठी गाठ आली. हा पक्षी गाठीशिवाय बसूच शकत नाही. शेपूट लांब, ढोलीखाली टेकायला काहीतरी लागतं. उसेंगनं गाठीवर अंगठा ठेवला.

"हे काय आहे?"

"गाठ."

"हे तोंड आहे. खाली दोन वळ्या, डावीकडे वीज पडल्याचा चरा. असं डोंगरात एकच आहे. बँकॉकचा माणूस जन्मभर बघेल, त्याला कळणार नाही. मक सूच्या टपरीत बसणाऱ्या दहातले सात जण चहाचा घोट गिळायच्या आत सांगतील, हे कुठलं झाड."

"मग चारास पाच कर. थोडी गाठ जाईल."

"अर्धी राहील. अर्ध्या तोंडावरून माणूस ओळखत नाहीत का?"

"तू फार घाबरतोस."

"तू पत्तानीची. तुला सगळी झाडं हिरवी."

त्यानं चौरसच ठेवला. फक्त उजवा पुठ्ठा जरा बाजूला केला, चोचीपुढे जागा सोडली. मी विचारलं, कशाला? म्हणाला, "त्याला निघून जायला."

छपाईला पत्तानीत मी एकटीच गेले. छापखान्याचा मालक म्हणाला, पान उभं आहे, चौरस फोटो लावला तर खाली वीतभर कोरं राहतं, तिथे काय घालू, नुसता रंग? मग त्यानं पूर्ण फोटो पडद्यावर उघडला. ती दोन पिसं खालपर्यंत आली. तो म्हणाला, "हे असं असताना तुम्ही ते तसं का लावताय?"

मी उसेंगला तीनदा फोन केला. तो डोंगरावर होता, तिथे फोन लागत नाही. मी म्हणाले, खोड थोडं काळवंडून घ्या, गाठ दिसायला नको. त्यानं घेतलं. मी म्हणाले, लावा.

मला ते सुंदर दिसलं. याहून दुसरं कारण माझ्याकडे नाही.

डिसेंबरात कॅलेंडर आलं. मी मोटरसायकलवर फिरून सतरा टपऱ्यांत स्वतः लावून आले. उसेंग चौथ्या दिवशी उतरला. घरात एक प्रत होती. त्यानं पानं उलटली. मार्चला थांबला. आधी कडा बघितल्या.

"काळं केलंस," तो म्हणाला.

"गाठ दिसू नये म्हणून."

"मागे आभाळ पांढरं आहे. खोड काळं केलं की कड आणखी उठते. आता आंधळाही ओळखेल."

तो ओरडला नाही. कोयत्यानं मार्च कापला आणि चुलीत टाकला. म्हणाला, "चल."

सोळा टपऱ्या आम्ही त्या दिवशी केल्या. तो आत जायचा, सलाम करायचा, मार्च काढून घ्यायचा. एका ठिकाणी एक जण म्हणाला, "मार्च नेलास? माझी बायको मार्चात बाळंत होणार आहे. तिला काय सांगू?"

"तिला सांग, एप्रिलपर्यंत धर."

सगळे हसले. तोही हसला. बाहेर येऊन त्यानं मोटरसायकल सुरू केली. मी मागे बसले होते. म्हणाले, "बाए, मला मार."

"मारून शेपूट लहान होणार आहे का?"

सतरावी टपरी मक सूची. आमच्या घराजवळचीच, पण भाचीच्या लग्नासाठी बंद होती. दुसऱ्या दिवशी गेलो. कॅलेंडर भिंतीवर होतं. मार्च नव्हता. फेब्रुवारीच्या मागे थेट एप्रिल.

"लाते घेऊन गेला," मक सू म्हणाली. "घरी लावतो म्हणाला. चित्र छान आलंय म्हणाला. लावणाऱ्या पोरीला माझ्या नावानं चहा पाज म्हणाला."

उसेंगनं चहा मागवला आणि गरमच प्यायला.

फेब्रुवारीत मादीनं त्याच ढोलीत दार लिंपून घेतलं. दुसरी ढोली शोध असं तिला सांगता येत नाही. उसेंग झाडाखाली राहायला गेला. ताडपत्री, भांडं, कोयता. राखणदारांना बंदूक नसते. फक्त शुक्रवारी दुपारी नमाजाला खाली यायचा, आणि तेवढा वेळ काक रोहानी आणि मी झाडाखाली बसायचो. गावातले सगळे पुरुष त्या वेळी मशिदीत असतात. आम्हाला वाटायचं, आठवड्यातली तीच वेळ सगळ्यात निर्धास्त.

मार्चचा तिसरा शुक्रवार होता. आधी नराची हाक आली. हा पक्षी थांबून थांबून ओरडतो, कुऱ्हाडीचे घाव पडावेत तसा. मग घाव जवळ जवळ येतात, आणि शेवटी तो खदाखदा हसत सुटतो. आमच्याकडे म्हणतात, सासूचं घर तोडणारा जावई मेला आणि हा पक्षी झाला. काक रोहानी म्हणाली, "आईनं उसेंगला घर दिलं नाही तेच बरं." मी हसले. नर गाठीवर येऊन बसला. गोळी सुटली.

तो खाली पडताना आधी एका फांदीवर आदळला, मग मुळांवर. मेला नव्हता. एक पंख जमिनीवर आपटत होता, आणि त्या आपटण्यानं तो स्वतःभोवती फिरत होता. घशातून उंबरं बाहेर पडत होती. नेच्यांतून लाते आला. अंगात शुक्रवारचा पांढरा सदरा, डोक्यावर नमाजाची टोपी. घरातून मशिदीला म्हणून निघाला होता. त्यानं पक्ष्याच्या मानेवर पाय ठेवला आणि कोयत्याचे दोन घाव घातले. पहिल्यात तुटली नाही.

"बायकांना राखणीला बसवतो," तो म्हणाला. "बाएला अक्कल कधी येणार?"

काक रोहानी कोयता घेऊन उठली. तीन पावलं गेली असेल. त्यानं बंदूक उलटी धरली आणि दस्ता तिच्या खांद्यावर हाणला. हाडाचा आवाज मी ऐकला. ती पडली तेव्हा त्यानं परत हाणला, त्याच जागी. ती ओरडली नाही. तिच्या तोंडात माती गेली होती.

मी बसलेलीच होते. मला उठता आलं नाही.

लातेनं डोकं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. सदऱ्यावर रक्त उडालं होतं, ते पानानं पुसलं. माझ्याकडे बघून म्हणाला, "पत्तानीची ना तू? चित्रं चांगली निवडतेस."

उसेंग आला तेव्हा सगळं संपलेलं होतं. त्यानं बिनडोक्याचा नर बघितला. मग बायकोला पाठीवर घेतलं आणि उतरायला लागला. तिचा हात त्याच्या छातीवर भलत्याच कोनात लोंबत होता. मशिदीच्या अंगणात माणसं अजून उभी होती. तो तिला पाठीवर घेऊनच थांबला.

"हे लातेनं केलं," तो म्हणाला. "मी नाव घेतोय. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं कानांवर हात ठेवावेत."

कुणी कानांवर हात ठेवले नाहीत. कुणी वरही बघितलं नाही. एक म्हातारा हळूच म्हणाला, "नाव कशाला घेतलंस, उसेंग? दोन दिवस घरात बस आता."

"मी घरात बसलो तर वर दोघं उपाशी मरतील."

दोर लावून चढणारी माणसं बँकॉकहून यायची होती. सहा दिवस लागतील म्हणाली. मादी तेवढी टिकली असती की नाही कुणाला माहीत. पिल्लू टिकलं नसतं. दार फोडून उपयोग नव्हता, तिला पिसंच नव्हती, ती दगडासारखी खाली आली असती. उसेंगनं शनिवारी सकाळी बांबू तोडले आणि खुंट्या तासल्या. एक खुंटी खोडात ठोकायची, तिला उभा बांबू बांधायचा, वर सरकायचं, पुढची ठोकायची. मी खालून दोरीला खुंट्या बांधत होते. कमरेला त्यानं जाड दोर घेतला होता, खोडाभोवती. वर गेल्यावर चिरलेल्या बांबूच्या टोकात उंबर धरून फटीतून आत द्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. हात आत घालणार नव्हता. म्हणाला, "अजून नऊ आहेत बोटं. तिला पुरायची नाहीत."

ठोकण्याचा आवाज दरीभर जात होता.

"बाए, फार लांब ऐकू जातंय."

"जाऊ दे. झाड त्याला माहीतच आहे."

हे तो मला लागावं म्हणून म्हणाला नाही. मला लागलं. दुपारी तो पाणी प्यायला खाली आला तेव्हा मी म्हणाले, "माझ्यामुळे झालं."

"हो," तो म्हणाला. मग भांडं खाली ठेवून, "उद्या खुंट्या जरा जाड घे. वर लाकूड कडक आहे."

रविवारी संध्याकाळी तो ढोलीच्या इतक्या जवळ पोचला होता की आतून मादी मातीवर चोच मारते आहे ते त्याला ऐकू येत होतं. खाली येऊन मला तसंच बोटानं भांड्यावर वाजवून दाखवलं. तीन ठोके, थांबून एक. चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

सोमवारी सकाळी तो परत चढला. मी उंबरं टोपलीत निवडत होते, पिकलेली वर, कच्ची खाली. ठोकण्याचे दोन आवाज आले. तिसरा आवाज ठोकण्याचा नव्हता.

तो पडला नाही. कमरेच्या दोरावर मागे झुकला, आरामात बसावं तसा. हातोडा पडला. माझ्यापासून हातभर अंतरावर मुळावर आपटला. मग रक्त आलं, खोडावरून, खुंटीवरून खुंटीवर. मी त्याला हाका मारल्या. दुसरी गोळी आली, त्यानं तो दोरात हेलकावला आणि चेहरा खोडाला टेकला. नेच्यांत कुणीतरी चालत लांब गेलं. घाई नव्हती.

मी धावत गावात गेले. त्याला उतरवायला दुपारी सहा माणसं आली. अंगणात खाली बघणारीच ती. त्यांतला एक खुंट्यांवरून वर चढला आणि म्हणाला, "मजबूत ठोकल्यात." त्यांनी त्याला सावकाश उतरवलं. पाठीत दोन भोकं होती. एकाच मापाची, वीतभर अंतरावर.

लाते सापडलेला नाही. त्याची बायको मक सूकडे येते. मक सू तिला चहा देते, बोलत नाही.

उसेंगला काल सूर्य मावळायच्या आत पुरलं. काक रोहानीचा खांदा बांधलेला आहे, ती एका कुशीवर पडून आहे. सगळे गेल्यावर तिनं मला विचारलं, "भरवलं का त्यानं?"

"नाही."

"किती राहिलं होतं?"

"दोन पुरुष उंची."

तिनं डोळे मिटले.

आज मंगळवार आहे. दोरवाले गुरुवारी येणार. सकाळी मी झाडाखाली जाऊन आले. खालून काही ऐकू येत नाही, झाड फार उंच आहे. खोडावर पासष्ट खुंट्या आहेत. पासष्टावी अर्धीच आत गेली आहे. तिच्यापासून ढोलीपर्यंत खोड कोरं आहे. उरलेल्या नऊ खुंट्या त्यानं तासून मुळाशी ठेवल्यात, जाड.